संगीताच्या पदवीची पूर्वतयारी
उद्योगनगरीतील विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासाठी

पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या परिसरात आज महाराष्ट्रातील एक मोठा औद्योगिक पट्टा उभा आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर भोसरी, चिंचवड आणि आकुर्डीच्या माळरानावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये येथे नगरपालिका आली आणि १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. गेल्या काही दशकांत हा विस्तार खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचला आणि एके काळी कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे गाव मोटारनिर्मितीचे केंद्र बनले.

परंतु या पट्ट्याची ओळख केवळ यंत्रांची नाही. त्याच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. चिंचवड हे मोरया गोसावींचे समाधिस्थान. येथील गावठाणांतून भजनी मंडळे अद्याप टिकून आहेत, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांनीही आपापल्या गावची गाणी बरोबर आणली आहेत. पखवाजावर थाप पडली की पाय थबकणारी मुले या वसाहतींत कमी नाहीत. त्यांपैकी काहींना बारावीनंतर संगीताचेच रीतसर शिक्षण घ्यावे असे वाटते. अडचण उद्भवते ती तेथेच. अभियांत्रिकी पदविकेचा किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा मार्ग या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. संगीताच्या पदवीचा मार्ग मात्र बहुतेक घरांना अपरिचित असतो. त्यामुळे निर्णय बारावीच्या निकालानंतर घेतला जातो आणि प्रवेशपरीक्षेला अवघे काही आठवडे उरलेले असतात. इतर विषयांत काही आठवड्यांची घोकंपट्टी कदाचित निभावून नेते. सुराच्या बाबतीत ती निभावत नाही. ही तयारी केव्हा, कशी आणि कोणाच्या साहाय्याने करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

गुरुगृहापासून विद्यापीठापर्यंत

संगीत महाविद्यालयात शिकविता येते ही कल्पना रुजविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. शालेय शिक्षण थांबले आणि मिरज येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर चालणारी, ठरावीक अभ्यासक्रम आणि परीक्षा असलेली ही संस्था होती. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुणे येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यापूर्वीच, १९११ मध्ये, भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली होती.

याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर प्रवास करून निरनिराळ्या घराण्यांच्या बंदिशी मिळविल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौ येथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज विद्यार्थी जी क्रियात्मक आणि शास्त्र अशी दोन अंगे शिकतो, त्यांचा पाया या दोन विष्णूंनी घातला आहे.

पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारात १९८७ मध्ये ललित कला केंद्र स्थापन झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे पदवी शिक्षण तेथे गुरुकुल पद्धतीशी सांगड घालून दिले जाते. वर्गातील अध्यापनाबरोबर प्रत्यक्ष गुरूकडील तालमीला तेथे स्थान आहे. पुण्यातच भारती विद्यापीठात संगीताचे पदवी शिक्षण मिळते आणि महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या पुणे येथील आवारात मुलींना संगीत हा विषय शिकता येतो. मुंबई विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथेही संगीताचे स्वतंत्र विभाग आहेत. पिंपरी-चिंचवडच्या विद्यार्थ्याला मात्र घर न सोडता शिकता येईल असे पुणे शहर सर्वांत जवळचे. लोणावळा-पुणे लोकल आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी थांबत शिवाजीनगरला जाते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पिंपरीहून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोही धावू लागली. चाकणला रेल्वे नाही. तेथील विद्यार्थ्याला बसवर अवलंबून राहावे लागते. जाण्यायेण्यात जाणारा वेळ रियाजातून वजा होतो, ही गोष्ट प्रवेशापूर्वीच हिशेबात घ्यावयास हवी.

परीक्षा आणि पदवी यांतील फरक

पालकांचा एक गोंधळ येथे दूर करणे आवश्यक आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या परीक्षा गुरूकडे शिकत असताना, शाळा किंवा नोकरी सांभाळून देता येतात. विद्यापीठाची पदवी ही नियमित उपस्थितीची, तीन वर्षांची आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांपर्यंत वाढविता येणारी वाटचाल आहे. विशारद झालेल्या विद्यार्थ्याला पदवीधर मानावे किंवा नाही, हे ज्या पदासाठी तो अर्ज करतो त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांवर अवलंबून असते. म्हणून एकीच्या ऐवजी दुसरी असा विचार न करता, शालेय वयात मंडळाच्या परीक्षा आणि बारावीनंतर पदवी, असा क्रम ठेवणे हिताचे ठरते. मध्यमेपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास अनोळखी वाटत नाही. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची योजनाही राज्यात आहे. शाळेने त्याचे प्रस्ताव मुदतीत पाठविणे मात्र आवश्यक असते.

सूर : पहिले वर्ष

तयारीसाठी किमान दोन वर्षे, म्हणजे अकरावी आणि बारावी, हाती असावीत. पहिल्या वर्षाचे काम एकच, ते म्हणजे सूर स्थिर करणे.

त्यासाठी प्रथम स्वतःची पट्टी निश्चित करावी. सामान्यतः मुलांचा षड्ज काळी एक किंवा दोनच्या आसपास आणि मुलींचा काळी चार किंवा पाचच्या आसपास बसतो. पण निर्णय गुरूने प्रत्यक्ष आवाज ऐकून द्यावा. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा जुन्या पट्टीत ओढून गाण्याचा हट्ट धरू नये. भजनी मंडळात उंच पट्टीत, खुल्या गळ्याने गाण्याची सवय असलेल्या मुलांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. त्या सवयीमुळे आवाजाला दमदारपणा येतो, हा मोठा लाभ. परंतु खर्ज आणि मंद सप्तक कच्चे राहते. पहाटे तंबोऱ्यावर मंद्र सप्तकातील स्वर सावकाश लावण्याचा रियाज ही उणीव भरून काढतो.

तंबोरा विकत घेणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नसते. मिरजेच्या तंबोऱ्यांची कारागिरी नामांकित आहे आणि २०२४ मध्ये तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र रोजच्या रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याची सोय पुरेशी आहे. खरा तंबोरा जुळविण्याचा सराव गुरूकडे करावा. पहिल्या तारेवर पंचम, मधल्या दोन जोडीच्या तारांवर षड्ज आणि शेवटच्या तारेवर खर्जाचा षड्ज ही नेहमीची जुळणी. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमात लावतात. केवळ पेटीवर गाणाऱ्या मुलाला ही जुळणी अवघड जाते, कारण पेटी सूर तयार देते आणि तंबोरा तो कानाने शोधायला लावतो.

राग आणि ताल : दुसरे वर्ष

दुसऱ्या वर्षी थोडे राग, पण पक्के, हे सूत्र ठेवावे. भूप, यमन, दुर्गा, काफी, भैरव, वृंदावनी सारंग, भीमपलास आणि बागेश्री एवढे राग आलाप, छोटा ख्याल आणि सोप्या ताना यांसह तयार असणे, आणि त्यांपैकी दोन रागांत विलंबित ख्याल मांडता येणे, ही चांगली शिदोरी होय. वीस रागांचे केवळ आरोह-अवरोह पाठ असण्यापेक्षा तिचे मोल अधिक आहे.

राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे समजण्यासाठी भूप आणि देशकार यांचे उदाहरण घ्यावे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. तरीही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी आणि देशकार सकाळी गातात. भूपात गंधार वादी असून रागाचा विस्तार सप्तकाच्या पूर्वांगात रमतो. देशकारात धैवत वादी असून उत्तरांगाचे प्राबल्य असते. भूपात धैवतावर अधिक काळ थांबले की राग हळूहळू देशकाराकडे झुकतो. हा फरक पुस्तकात वाचून समजतो, गळ्यात मात्र तालमीनेच उतरतो. परीक्षक हेच पाहतात.

तालाचेही तसेच. त्रिताल १६ मात्रा, एकताल १२, झपताल १०, केरवा ८, रूपक ७ आणि दादरा ६ मात्रांचा, हे सर्वांना सांगता येते. हाताने टाळी-खाली दाखवीत ठेका तोंडाने म्हणणे, तोच दुप्पट आणि चौपट लयीत म्हणणे आणि पुन्हा मूळ लयीवर न चुकता येणे, ही खरी कसोटी होय. तिहाईचा हिशेबही विद्यार्थ्याला मांडता आला पाहिजे. उदाहरणार्थ, त्रितालात समेपासून निघून पुढच्या समेवर संपणारी तिहाई करावयाची असेल, तर एकूण १७ मात्रा भराव्या लागतात, कारण शेवटचा आघात सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढील आवर्तनाच्या समेवर पडावयाचा असतो. पाच मात्रांचा बोल तीन वेळा घेतला की १५ मात्रा होतात आणि मध्ये दोनदा एकेक मात्रेचा विराम ठेवला की १७ भरतात. हे गणित यंत्रशाळेतील मापाइतकेच काटेकोर आहे. एका मात्रेची चूक झाली तर सम हुकते.

तबल्याच्या विद्यार्थ्याने ठेके, कायदा व त्याचे पलटे, रेला आणि तुकडे पढंतीसह तयार करावेत. पढंत म्हणजे बोल वाजविण्यापूर्वी तोंडाने स्पष्ट म्हणून दाखविणे. त्यातून विद्यार्थी बोल समजून वाजवितो की केवळ हाताच्या सवयीने, ते लगेच कळते.

भजनी मंडळातून येणारा विद्यार्थी

या परिसरातील विद्यार्थ्यांचे एक वेगळे बलस्थान आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हापासून येथे गायन आणि पखवाजवादन शिकणाऱ्या मुलांची अखंड परंपरा आहे. अशा मुलाचा कान तालाला तयार असतो, शेकडो अभंग मुखोद्गत असतात आणि श्रोत्यांसमोर बसण्याची भीती त्याला नसते. एवढे असूनही आपल्याला ‘शास्त्रीय’ येत नाही या संकोचाने तो अर्जच करीत नाही. हा संकोच अस्थानी आहे. पखवाजाच्या एका मोठ्या घराण्याचे प्रवर्तक नाना पानसे हे वाई परिसरातील कीर्तनाच्या वातावरणातून पुढे आले होते. पं. भीमसेन जोशी यांनी अभंगगायन मैफलीच्या व्यासपीठावर नेले, आणि त्यासाठी ख्यालाची तालीम बाजूला ठेवावी लागली नाही. भजन येणाऱ्या विद्यार्थ्याला नवे शिकावयाचे असते ते रागाचे नियम, विलंबित लय आणि स्वरलिपी. जुने टाकून द्यावयाचे नसते.

प्रत्यक्ष परीक्षेचा दिवस

प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे ही सामान्य अट असते. त्याखेरीज प्रात्यक्षिक चाचणी आणि मुलाखत यांना महत्त्व असते. कोणकोणत्या गायन-वादन प्रकारांना प्रवेश आहे, गुणांची विभागणी कशी आहे आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे प्रत्येक संस्थेच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावे. मागील वर्षाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

चाचणीत वेळ थोडा असतो. म्हणून सर्वांत अवघड नव्हे, तर सर्वांत पक्का राग निवडावा. आलापाची पहिली दोन-तीन वाक्ये आणि बंदिशीचा मुखडा यांवरच बरेच काही ठरते. परीक्षक मध्येच थांबवून एखादा स्वरसमूह वाजवितात आणि तो ओळखून गाण्यास सांगतात, किंवा ठेका हातावर म्हणावयास लावतात; थांबविले म्हणजे नापसंत केले असे समजून गांगरू नये. साथीच्या तबलजीबरोबर गाण्याचा सराव आधी किमान काही आठवडे झालेला असावा. ज्याने कायम भ्रमणध्वनीच्या ठेक्यावर रियाज केला आहे, तो प्रत्यक्ष साथीदारासमोर गोंधळतो. मुलाखतीत आपण कोणाकोणाचे गायन ऐकतो आणि का, असे विचारले जाते. १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव, तसेच पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा स्वरसागर महोत्सव ही ऐकण्याची जवळची ठिकाणे आहेत. महानगरपालिकेची संगीत अकादमीही शहरात आहे. ऐकलेल्या मैफलीची चार ओळींची नोंद वहीत ठेवण्याची सवय अशा प्रश्नांना आपोआप उत्तर देते.

कागदपत्रांचाही वेळीच विचार करावा. अधिवास, जात, जात वैधता, उत्पन्न आणि लागू असल्यास उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे निकालानंतर नव्हे, तर बारावीच्या वर्षाच्या आरंभीच मिळवावीत. चाकण-आळंदीच्या विद्यार्थ्यांचे तहसील कार्यालय राजगुरुनगर येथे आहे. परगावाहून आलेल्या कुटुंबांना मूळ गावचे पुरावे आणावे लागतात आणि त्यात महिने जातात. गळा तयार असूनही एका दाखल्यावाचून राखीव जागा किंवा शिष्यवृत्ती हातची जावी, यासारखे नुकसान नाही.

घर, शेजार आणि रियाज

औद्योगिक वसाहतीत रियाजाची एक अडचण आहे आणि ती संगीताच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. दोन खोल्यांचे घर, मध्ये एक भिंत आणि भिंतीपलीकडे रात्रपाळी करून नुकताच झोपलेला शेजारी. घरातील वडीलही अनेकदा पाळीचेच कामगार असतात. सकाळी सातला पहिली पाळी धरणाऱ्याला पहाटेचा तंबोरा चालतो, पण रात्रपाळीहून आलेल्याला तबल्याचा आवाज सहन होत नाही. यात कोणाचीही चूक नसते. तरीही रियाज सुटतो तो बहुधा याच कारणाने, आणि मूल हळूहळू संगीतापासून दूर जाते.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चाचे नाहीत. शाळा सुटल्यावर एक खोली तासभर उघडी ठेवता येते. गावातील मंदिराचा सभामंडप किंवा ग्रामपंचायतीचे समाजमंदिर ठरावीक वेळेला मोकळे देता येते. भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज आठवडाभर कपाटात बंद असतात, ते रियाजासाठी मिळू शकतात. ग्रामपंचायतीने एक साधा ठराव करून वेळ आणि जबाबदारी निश्चित केली, तर गावातील दोन-चार मुलांची दोन वर्षे सार्थकी लागतील. घरी असताना विद्यार्थ्यानेही शेजाऱ्याच्या पाळीचा विचार करून खर्जाचा रियाज, पढंत आणि स्वरलेखन यांसाठी शांत तास राखावेत.

पुढे काय?

वडील विचारतात तो प्रश्न टाळून चालणार नाही. या शिक्षणाने पोट भरेल काय? त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की मैफलीचे कलावंत मोजकेच होतात, संगीतशिक्षकांच्या नियमित जागा थोड्या आहेत आणि पदवी हाती पडताच नोकरी मिळेल असे कोणी सांगू नये. त्याचबरोबर हेही खरे, की शिकवणी, साथसंगत, नाट्य व चित्रपटांचे संगीत, ध्वनिमुद्रण, आकाशवाणी आणि शाळांतील उपक्रम असे अनेक लहान मार्ग मिळून एक उपजीविका उभी राहते. पदव्युत्तर शिक्षण आणि पात्रता परीक्षा यांनी अध्यापनाचा मार्गही खुला होतो. पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. गेल्या दोन वर्षांत मुलाने सांगितल्यावाचून रियाज केला काय? आणि त्याला भावनेच्या भरात न बोलता स्पष्ट मत देईल अशा एखाद्या जाणकाराने त्याचे गाणे ऐकले आहे काय? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर निर्णयाला आधार आहे. नसतील, तर मंडळाच्या परीक्षा चालू ठेवून दुसरा विषय घेण्यात कमीपणा नाही. गाणे त्यानेही टिकते.

शिक्षकांचे काम त्याआधी सुरू होते. प्रार्थनेच्या वेळी सुरात गाणारे मूल आठवीतच ओळखू येते. त्याला गुरूचा पत्ता सांगणे, परीक्षेचा अर्ज भरून देणे आणि पालकांना एकदा शाळेत बोलावून हा मार्ग समजावून सांगणे, एवढे झाले तरी बारावीच्या निकालानंतरची धावपळ टळेल. या भूमीने यंत्राचा नाद आत्मसात केला, तो शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या म्हणून. टाळ-मृदंगाचा नाद तर येथे त्याहून जुना आहे. तो ज्याच्या कानात आहे, त्या मुलाला वेळेवर दार दाखविणे हे गावाचे आणि शाळेचे कर्तव्य आहे.